भाड्याची इमारत घेताना या चुका टाळा: विक्रेत्याच्या तक्त्यातले खड्डे

बारा फ्लॅटची इमारत म्हणजे एका फ्लॅटच्या बारा पट, असे धरून चालणाऱ्यांचा हिशोब पहिल्याच ओळीत चुकतो. सुट्या फ्लॅटची किंमत शेजारचा कितीला गेला यावरून ठरते. भाड्याच्या इमारतीची किंमत ठरते तिच्या वर्षाच्या निव्वळ उत्पन्नावरून. बाजारात अशा इमारती ८ टक्के परताव्याच्या हिशोबाने विकल्या जात असतील, तर १०० निव्वळ उत्पन्नाला १२५० किंमत. म्हणजे विक्रेत्याने उत्पन्न नुसते १० ने फुगवले, तरी तुमच्या खिशातून १२५ जादा गेले. पुढच्या बहुतेक चुका या एका गुणाकाराच्याच आहेत.

तक्ता जसाच्या तसा मान्य करणे

विक्रेत्याच्या कागदावर साधारण असे असते: सगळे फ्लॅट वर्षभर भरलेले, भाडे १००, खर्च २५, उरले ७५. हाच तक्ता स्वतः नव्याने मांडा. रिकामे राहणारे महिने आणि थकबाकी मिळून ५ ते १० टक्के वजा करा, समजा ७. मग मालमत्ता कर, विमा, जिन्यातले दिवे आणि पंपाची वीज, पाणी, सफाई, लिफ्टचा देखभाल करार, किरकोळ दुरुस्ती. शेवटी व्यवस्थापन. विक्रेता स्वतःच भाडे गोळा करतो आणि प्लंबर बोलावतो, म्हणून हा खर्च तो शून्य दाखवतो. तुम्हीही स्वतःच करणार असलात तरी भाड्याच्या ८ ते १० टक्के धराच. तुमचा वेळ फुकट नसतो, आणि उद्या इमारत विकताना समोरचा तो धरणारच आहे. खर्च ४० वर गेला की उरतात ५३.

८ टक्क्यांच्या हिशोबाने ७५ ची किंमत ९३७.५ होते, ५३ ची ६६२.५. फरक २७५, म्हणजे पूर्ण इमारतीचे पावणेतीन वर्षांचे भाडे. हे भांडवल कागदावरच्या दोन-तीन रिकाम्या रकान्यांत जाते.

मालमत्ता कराचा आकडा मागच्या पावतीवरून उचलू नका. बऱ्याच ठिकाणी विक्रीनंतर नव्या किमतीवर आकारणी होते. कर कार्यालयात नियम विचारून नवा आकडा काढा आणि तोच तक्त्यात घाला.

भाडेकरूंची यादी न तपासणे

यादीत नाव, फ्लॅट, भाडे, कराराची तारीख, अनामत आणि थकबाकी असे सहा रकाने हवेत. त्यातला प्रत्येक आकडा मागच्या बारा महिन्यांच्या बँकेच्या उताऱ्याशी जुळवा. भाडे रोखीने घेतो असे उत्तर आले, तर ज्याची नोंद दाखवता येत नाही ते उत्पन्न धरायचे नाही. विजेची बिलेही मागा. जिथे महिनाभरात जेमतेम काही युनिटे जळतात, तो भरलेला दाखवलेला फ्लॅट रिकामा असण्याची शक्यता दाट.

विक्रीआधीच्या चार-सहा महिन्यांत झालेले करार विशेष जपून वाचा. वर्षाच्या करारात पहिले दोन महिने फुकट दिले असतील, तर खरे भाडे लिहिलेल्या भाड्याच्या ८३ टक्केच आहे. सूट संपली की तो भाडेकरू जातो आणि रिकामा फ्लॅट तुमच्या वाट्याला येतो. प्रत्येक भाडेकरूकडून सहीचे निवेदन घ्या: भाडे किती, अनामत किती, मालकाने कोणते तोंडी वचन दिले आहे. जमा अनामत रक्कम खरेदीच्या वेळी किमतीतून वळती करून घ्या. ते राहून गेले, तर दुसऱ्याने घेतलेले पैसे तुम्हाला परत करावे लागतील.

दोन-तीन फ्लॅट पाहून समाधान मानणे

बाराच्या बारा पाहा. 'तो भाडेकरू गावाला गेलाय' असे ज्या फ्लॅटबद्दल सांगतात, तोच आधी पाहायचा. सर्वात वरच्या मजल्याच्या छतावर ओलीचे डाग शोधा. ताजा रंग फक्त एका कोपऱ्यात असेल तर तो का, हे विचारा. प्लास्टरमधली केसासारखी भेग फारशी काळजीची नसते. खांबाच्या लांबीने उभी गेलेली भेग, गंजाचा तांबूस ओघळ आणि हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज ही आतली सळई गंजून फुगल्याची खूण. असे दिसले की स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालाशिवाय पुढे जायचे नाही.

सांडपाण्याची लाइन पाहणीत हमखास राहून जाते. वरच्या मजल्यावरचे सगळे नळ आणि फ्लश एकाच वेळी सोडा आणि तळमजल्याच्या न्हाणीत उभे राहा. जाळीतून बुडबुडे आले किंवा पाणी वर चढले, तर सांडपाण्याची मुख्य लाइन तुंबलेली किंवा खचलेली आहे. आत कॅमेरा घालून पाहायला लावा.

लिफ्ट, गच्चीचे जलरोधन, पंप यांचे वय लिहून घ्या. लिफ्टची यंत्रणा साधारण २० ते २५ वर्षे चालते. ती १८ वर्षांची असेल, तर बदलण्याचा खर्च उरलेल्या वर्षांनी भागून दरवर्षी बाजूला काढायची रक्कम ठरवा. ही रक्कम वरच्या ४० मध्ये धरलेली नाही.

मिळेल तेवढे कर्ज उचलणे

किंमत १००, निव्वळ उत्पन्न ८. कर्ज ७०, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. वर्षाचे हप्ते होतात ७.५६. उरले ०.४४, एक फ्लॅट चार-पाच महिने जास्त रिकामा राहिला की तेही संपते. व्याजदर बदलता असेल आणि १० टक्क्यांवर गेला, तर हप्ते ८.११, म्हणजे उत्पन्न धरले तेवढे आले तरी दर महिन्याला घरातून पैसे. उत्पन्न हप्त्यांच्या किमान सव्वा पट असावे, ही कसोटी अनेक कर्जदाते लावतात. त्यांनी नाही लावली तरी तुम्ही लावा: इथे कर्ज ५९ च्या वर जाऊ नये.

ताबा घेताच भाडे वाढवणे

५ टक्के वाढ मागितली, भाडेकरू गेला, फ्लॅट एक महिना रिकामा राहिला. बुडालेले एक महिन्याचे भाडे त्या वाढीतून भरून यायला २० महिने लागतात, रंगरंगोटी वेगळीच. वाढ करूच नये असे नाही, पण आधी जवळपासचे प्रत्यक्ष ठरलेले भाडे पाहा आणि करार संपतील तसतशी करा. नूतनीकरणाचेही तसेच: सगळे फ्लॅट उकरण्याआधी एकच रिकामा झालेला फ्लॅट करून पाहा, जादा भाडे खरेच मिळते का ते कळेल. बारापैकी दोनांहून जास्त करार एका महिन्यात संपू देऊ नका. नव्या करारांची मुदत ११, १३, १५ महिने अशी ठेवली की ते आपोआप विखुरतात, अर्थात स्थानिक नियम परवानगी देत असतील तर.

नव्या भाडेकरूबद्दल विचारायचे ते आधीच्या घरमालकाला. सध्याचा मालक कटकट टळावी म्हणून तोंड भरून कौतुक करू शकतो.

भाडे येते, पण उरत काही नाही

अशा वेळी आधी थकबाकी पाहा, आणि ती ठीक असेल तर पाण्याचे बिल. टाकी भरून पंप बंद असताना रात्री १ आणि पहाटे ४ ला मुख्य मीटर वाचा. आकडा हलला, तर टाकीपर्यंतच्या नळात गळती आहे किंवा टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा) धरत नाही. मीटर स्थिर असूनही बिल फुगलेले असेल, तर संशय फ्लॅटमधल्या फ्लशच्या टाक्यांवर. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर तळाचा रबरी पडदा झिजला आहे. तो पडदा अगदी स्वस्त असतो. तो न बदलता सोडलेला फ्लश मात्र दिवसाला शेकडो लिटर पाणी ओततो. एका फ्लॅटमध्ये सापडला, तर उरलेले अकराही त्याच दिवशी तपासा, कारण सगळ्या टाक्या बहुधा एकाच वेळी बसवलेल्या असतात.