अमूर्त कोलाज सुचण्यासाठी कागदाची खिडकी

अमूर्त कोलाजची, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवता कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्राची, सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल, तर जुन्या लग्नपत्रिकेच्या मधोमध ५ सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा आणि ती घेऊन ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात जा. एक डोळा मिटून खिडकीतून पाहा: ताडपत्रीचा निळा, झेंडूचा केशरी, शटरच्या आडव्या रेघा. वस्तूंची नावं मागे पडतात, आकार आणि रंग उरतात. मोबाइलच्या फोटोपेक्षा मला हे जास्त उपयोगी वाटतं, कारण फोटोत सगळंच येतं आणि निवड राहून जाते. तिथेच पेन्सिलीने तीन-चार मोठे आकार टिपून घ्या, बस्स.

ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरतात तेव्हा राखाडी चिखलावरचा तो गुलाबी पट्टा जरूर पाहा. दोनच रंग, पण प्रमाण किती बोलकं!

घरी आल्यावर कात्री बाजूला ठेवा. छापील जाड कागद हाताने फाडताना एका तुकड्याला पांढरी कड मिळते. ती आयती रेघ होते. जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटंही कोलाजमध्ये चिकटवत, आपल्याकडे पत्रिका आणि मिठाईचे खोके आहेत. तुकडे रात्रभर नुसते मांडून ठेवा, गोंद सकाळी.