घड्याळातल्या हार्ट रेटवरून बंद खोलीतला सीओटू कसा ओळखायचा

एसी लावून दार-खिडक्या गच्च बंद करून झोपायचं आणि सकाळी डोकं जड, झोप झालीच नाही असं वाटायचं, आमच्याकडे अख्खा उन्हाळा हेच चाललेलं. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच ती हवा थंड करून फिरवतो, मग तिघांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच सीओटू, जाणार कुठे? तो रक्तात वाढला की मेंदू आधी श्वास वाढवतो, पुढे ठोकेही वाढू शकतात.

पहिला आठवडा काहीच बदलू नका. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, नीट घट्ट बांधून झोपा आणि रोज सकाळी तीन आकडे वहीत लिहा: झोपेतला हार्ट रेट, श्वासाचा रेट आणि एचआरव्ही, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं ते.

मग एक रात्र दार बंद, एक रात्र चार बोटं उघडं, असं दोन आठवडे. एसीचं टेंपरेचर मात्र तेच ठेवा, कारण उकाड्यानेही ठोके वाढतात. उशिरा जेवलात, दारू घेतली, ताप होता, तर ती रात्र खोडून टाका. फरक झालाच तर छोटा असतो, त्यामुळे एका रात्रीवरून काहीही ठरवू नका.

बंद दाराच्या रात्री ठोके आणि श्वास सारखे वरच आणि एचआरव्ही खाली दिसला तर तो फक्त इशारा समजा, खात्री मीटरनेच होते. एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने सीओटू मोजणाऱ्या सेन्सरवालाच घ्या, स्वस्तातले बरेच मीटर सीओटू मोजतच नाहीत, अंदाज दाखवतात, अगरबत्ती लावली तरी आकडा उडतो. आधी गॅलरीत ठेवून बघा, मोकळ्या हवेत साधारण 420 ते 450 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) यायला पाहिजे. आमच्या उशाशी पहाटे पाचला 2300 होता, दार किलकिलं केलं तर अर्ध्या तासात 1100 वर आला.

ऑक्सिमीटरवर विसंबू नका, सीओटू वाढला तरी तो 97-98 दाखवू शकतो. गॅस गिझरचा धोका तर वेगळाच, तो कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतो आणि ऑक्सिमीटर तिथे चक्क फसतो, म्हणून त्या बाथरूमची खिडकी उघडीच हवी.

आणि जुनी विहीर, बंद टाकी, धान्याचं पेव, इथे घड्याळ बघत उतरायचा विचारसुद्धा करू नका. तिथे ठोके वाढलेले दिसेपर्यंत माणूस कोसळलेला असतो. आत कोणी पडलं तर मागोमाग उडी न मारता 101 ला फोन करा.