मॉनिटरिंगमध्ये नवे आहात? मग रनबुक तपासायचं काम तुमचंच

नवी मुंबईतल्या महापे-ऐरोली पट्ट्यातल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये किंवा नॉकमध्ये (नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात) फ्रेशर म्हणून लागलात, की पहिले काही महिने शिफ्ट, अलर्ट आणि रनबुक (अलर्ट आल्यावर काय करायचं ते पायरीपायरीने लिहिलेलं पान) यांतच जातात. अलर्ट आला की पान उघडायचं, लिहिलंय तसं करायचं, नाही जमलं तर सिनियरला फोन. मी इथेच बरीच वर्षं मॉनिटरिंग करतेय, आणि नव्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यातच सांगते: रनबुक नुसतं पाळू नका, तपासा. टीममध्ये ते अक्षरन् अक्षर वाचणारे तुम्हीच असता. जुन्यांना कमांड तोंडपाठ असतात, ते त्या पानाकडे फिरकतही नाहीत.

चुकीचं पान काय करतं, ते बघा. प्रोमिथियस म्हणजे सर्व्हरची मोजमापं गोळा करणारं सॉफ्टवेअर, आणि नोड एक्स्पोर्टर म्हणजे सर्व्हरवरून ती त्याला पुरवणारा प्रोग्रॅम. 2018 मध्ये नोड एक्स्पोर्टरच्या 0.16 आवृत्तीत बऱ्याच मेट्रिक्सची, म्हणजे मोजमापांची, नावं बदलली. 'नोड_सीपीयू'चं 'नोड_सीपीयू_सेकंड्स_टोटल' झालं, 'नोड_फाइलसिस्टम_अव्हेल'च्या शेवटी 'बाइट्स' आलं. एका प्रोजेक्टवर एक्स्पोर्टर अपग्रेड झाला, रनबुकमधली क्वेरी (मेट्रिकचं नाव घालून प्रोमिथियसला विचारायचा प्रश्न) मात्र जुनीच राहिली. रात्री अॅप्लिकेशन स्लो झाल्याचा अलर्ट आला. शिफ्टवरच्या मुलाने पानावरची डिस्कची क्वेरी जशीच्या तशी चिकटवली, उत्तर रिकामं आलं, आणि डिस्क ठीक आहे असं समजून तो पुढच्या पायरीवर गेला. डिस्क तर भरत आली होती! त्या मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. नसलेलं मेट्रिक विचारलं तर प्रोमिथियस एरर देत नाही, रिकामं उत्तर देतो. अलर्टचा नियमही जुन्याच नावावर असेल तर तो कधी वाजणारच नाही. प्रोमिथियससोबत येणारी 'प्रॉमटूल चेक रूल्स' ही कमांड चालवून हे सापडत नाही, कारण ती नियमाची मांडणी तपासते, मेट्रिक खरंच येतंय का ते नाही.

म्हणून प्रत्येक क्वेरीखाली चांगल्या चालणाऱ्या सर्व्हरवरचं खरं उत्तर चिकटवा, तारीख आणि आवृत्तीसकट. समोर वेगळं काही दिसलं तर वाचणारा तिथेच थांबेल.

अलर्ट कितीला वाजतो ते आकडे मात्र पानावर उतरवू नका. पानावर 85 टक्के आणि नियमात 90, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. थेट गिटमधल्या (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सिस्टिममधल्या) नियमाच्या फाइलची लिंक द्या. डिफॉल्टवरही विसंबू नका. अलर्टमॅनेजर (प्रोमिथियसचे अलर्ट लोकांपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) चालू असलेल्या अलर्टची आठवण डिफॉल्टने 4 तासांनी करतो, पण तुमच्या टीमने ते बदललं असेल. प्रोमिथियस डिफॉल्टने 15 दिवसांचाच डेटा ठेवतो. मुदत वाढवलेली नसेल आणि पानावर 'मागच्या महिन्याच्या ग्राफशी ताडून पाहा' असं असेल, तर ती ओळ काढून टाका.

फोन कोणाला करायचा तिथेही माणसाचं नाव नको, ऑन-कॉल रोटाची (कोणाची पाळी आहे त्या यादीची) लिंक हवी. माणसं नोकऱ्या बदलतात.

दुरुस्ती कधी करायची, हा खरा अवघड भाग. सकाळी शिफ्ट सुटताना सगळ्यांना घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडायची घाई असते, आणि रात्री सापडलेली चूक तोंडी सांगितली जाते. ती दुपारच्या शिफ्टपर्यंत पोचत नाही. निघण्याआधी निदान तिकीट टाका. आणि नियम बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच (गिटमधला बदल मंजुरीसाठी पाठवतात त्या विनंतीत) पानाचाही बदल असावा, असा आग्रह धरा. नवखे असलात तरी धरा. अलर्टच्या नियमातल्या 'रनबुक_यूआरएल' या नोंदीत पानाची लिंक असेल तर रिव्ह्यू करणाऱ्यालाही पान लगेच सापडतं.

सुरुवात डिस्कच्या अलर्टपासून करा. सिनियरला विचारून टेस्ट सर्व्हरवर फॅलोकेट कमांडने मोठी फाइल बनवा आणि अलर्ट येईपर्यंत थांबा. मग पानावरची एकेक पायरी करत जा. जिथे अडाल ती ओळ त्याच दिवशी दुरुस्त करा, आणि मोठी फाइल आठवणीने काढून टाका.