उन्हाळ्याच्या सुट्टीत घर भरलं असताना पास्ता सॅलड: १२ जणांचं प्रमाण

सॅलड कालवताना चाखलं तेव्हा झकास होतं, आणि दोन तासांनी फ्रीजमधून काढलं तर कोरडं आणि मिळमिळीत. पास्ता सॅलडची नेहमीची तक्रार हीच. शिजलेला पास्ता गार झाल्यावरही ड्रेसिंग पीत राहतो, शिवाय थंड पदार्थातलं मीठ आणि आंबट जिभेला कमी जाणवतं. हे दोन्ही आधीच हिशेबात धरलं, तर सकाळी उन्हं चढायच्या आत गॅसचं काम उरकतं आणि जेवणाच्या वेळी ओट्याशी कुणाला घाम गाळत उभं राहावं लागत नाही.

पास्ता ५०० ग्रॅम घ्या. सोबत कटलेट, सँडविच असं काही असेल तर १२ जणांना होतो. नुसतं सॅलडच जेवण असेल तर ६-७ जणांना. स्प्रिंगसारखा पीळ असलेला फुसिली सगळ्यात सोयीचा, कारण त्याच्या खाचांत ड्रेसिंग धरून राहतं. पेने किंवा मॅकरोनीही चालेल. स्पॅगेटी नको, वाढताना गुंता होतो. पाकिटामागचे घटक मात्र वाचा. ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता ढवळाढवळ सोसतो. मैद्याचा असेल तर कडा विरघळून भाज्या घालेपर्यंत निम्मा मोडलेला असतो.

शिजवणं

५ लिटर पाणी खळखळून उकळा आणि त्यात ५० ग्रॅम, म्हणजे ३ मोठे चमचे मीठ घाला. प्रमाण जास्त वाटेल, पण त्यातलं बहुतेक पाण्याबरोबर ओतलंच जातं, आणि पास्त्याच्या आतपर्यंत मीठ पोचवायची संधी एवढीच. नंतर वरून घातलेलं मीठ वरच राहतं. एवढं मोठं पातेलं नसेल तर दोन घाण्यांत शिजवा. पाण्यात तेल घालायची गरज नाही, ते नुसतं वर तरंगतं. पास्ता चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटं ढवळत राहणं महत्त्वाचं.

गरम पास्ता दाताला थोडा कणीदार लागावा असं सांगतात. सॅलडसाठी ते विसरा. पोळी गार झाली की कडक होते, तसंच पास्त्यातला स्टार्च गार झाल्यावर घट्ट होतो. म्हणून पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक ते दीड मिनिट जास्त शिजवा. एक तुकडा सुरीने आडवा कापून बघा: मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्चा आहे. शेवटच्या तीन मिनिटांत एक वाटी मक्याचे दाणे त्याच पाण्यात टाका, वेगळं भांडं वाचतं.

आता गार करणं. पास्ता चाळणीत ओतून थंड पाण्याखाली धुवा. वरचा चिकट स्टार्च निघाला नाही तर गोळा होतो. (सॉसमध्ये घालायचा गरम पास्ता धुवत नाहीत, कारण तिथे तोच चिकटपणा हवा असतो.) मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहाच्या आधणासारखं येतं, त्यात पास्ता लवकर गार होत नाही. म्हणून माठातलं किंवा बर्फ घातलेलं पाणी आधीच तयार ठेवा. जेमतेम कोमट झाला की थांबा आणि पाच मिनिटं चाळणीतच निथळू द्या. पिळाच्या खाचांत पाणी अडकून राहतं, म्हणून चाळण दोन-तीनदा झटका.

ड्रेसिंग

१२० मिली तेल, ६० मिली लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, २ छोटे चमचे मस्टर्ड सॉस, प्रत्येकी १ छोटा चमचा मीठ, साखर, मिरपूड आणि ओरेगॅनो, किसलेल्या २ लसूणपाकळ्या. सगळं झाकणाच्या बरणीत घालून अर्धा मिनिट जोरात हलवा. मोहरीमुळे तेल आणि रस काही काळ एकजीव राहतात. हिरव्या सॅलडला तीन भाग तेलाला एक भाग आंबट असं धरतात. इथे दोनास एक, कारण पदार्थ थंड खायचा आहे. कैरी हाताशी असेल तर आंबट थोडं कमी करून २-३ चमचे कैरी अगदी बारीक चिरून घाला. व्हिनेगरपेक्षा ती कितीतरी सरस लागते.

ऑलिव्ह तेल फ्रीजमध्ये गोठतं आणि पास्त्यावर पांढरे कण दिसतात. ते खराब झालेलं नसतं. वाढण्याआधी १५-२० मिनिटं बाहेर काढलं की विरघळतं. ती कटकट नको असेल तर सूर्यफुलाचं तेल घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रेसिंग एकदम ओतू नका. पास्ता कोमट असतानाच दोन तृतीयांश ड्रेसिंग घालून कालवा, तेव्हा तो चव ओढून घेतो. उरलेलं बरणीत ठेवा आणि वाढायच्या आधी घाला.

भाज्या

दोन ढोबळ्या मिरच्या, एक गाजर, उकडलेले काबुली चणे एक वाटी आणि २०० ग्रॅम पनीर हे आधी मिसळलं तरी चालतं. काकडी आणि टोमॅटो मात्र पाणी सोडतात आणि तळाशी ओघळ साचतो. दोन काकड्या उभ्या चिरून मधल्या बिया चमच्याने खरवडून काढा, चिमूटभर मीठ लावून १५ मिनिटं चाळणीत ठेवा, मग मुठीत दाबा. तीन टोमॅटोंचा गर काढून फक्त सालीकडचा भाग घ्या. दोन्ही शेवटी घाला. कांदा बारीक चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवला की उग्रपणा जातो. जैन पाहुणे असतील तर कांदा, लसूण, गाजर वगळून त्यांचा वाटा आधीच वेगळा काढा; नंतर निवडत बसता येत नाही.

लहान मुलं असतील तर मिरपूड ड्रेसिंगमध्ये न घालता वेगळ्या वाटीत ठेवा, ऑलिव्ह घालणार असाल तर तेही. द्राक्षं किंवा चेरी टोमॅटो घालणार असाल तर उभे चिरूनच, अख्खे घशात अडकू शकतात. अगदी लहानग्यांसाठी गाजर किसून.

मलईदार सॅलड हवं असेल तर तेलाचं ड्रेसिंग निम्मं करा आणि अर्धा किलो ताज्या दह्याचा चक्का चार चमचे मेयोनीजमध्ये फेटून घाला. साधं दही मिठामुळे पाणी सोडतं, म्हणून चक्काच. पास्ता चुकून जास्त शिजला तर हाच मार्ग धरा: हवाई बेटांवरचं मॅकरोनी सॅलड मुद्दाम मऊ शिजवून मेयोनीजमध्येच कालवतात.

ठेवणं आणि वाढणं

फ्रीजमध्ये किमान एक तास मुरू द्या. मग थंडच चाखा. कोमट असताना केलेला मिठाचा अंदाज इथे उपयोगाचा नाही. जवळजवळ नेहमीच चिमूटभर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस लागतो. कोरडं वाटलं तर नुसतं तेल ओतू नका, तुकतुकीत दिसेल पण जड लागेल. उरलेल्या ड्रेसिंगमध्ये दोन चमचे पाणी मिसळून घाला. कोथिंबीर, पुदिना अगदी शेवटी, नाहीतर आंबटात काळे पडतात.

सॅलड खाऊन पोट बिघडलं की दोष नेहमी मेयोनीजला दिला जातो. पण शिजलेला पास्ता उबेत पडून राहिला तर त्यातही जंतू वाढतात. ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर फ्रीजबाहेर एक तास, एरवी दोन तास, त्यापुढे टाकून द्या. परातीत बर्फ पसरून त्यावर सॅलडचं पातेलं ठेवा, आणि सगळं एकदम न मांडता निम्मं फ्रीजमध्येच राहू द्या.

न मांडलेलं तेलाचं सॅलड काकडी-टोमॅटो न घालता तीन दिवस टिकतं, चक्क्याचं दुसऱ्या दिवशी संपवा. डीप फ्रीजरमध्ये ठेवू नका, पास्ता पिठूळ होतो.