पॅनल लावायच्या आधी: सगळ्या पोरांपर्यंत पोचेल असा डिजिटल तास कसा आखायचा

शाळेत इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे फळ्याएवढी टच स्क्रीन, आलं की सुरुवातीला सगळे खूश असतात, पोरं पण आणि आपण पण. मग हळूहळू लक्षात येतं की व्हिडिओ लावला तरी जी पोरं आधी मागे पडत होती तीच आत्ताही मागे पडतायत, फक्त आता पडदे ओढलेल्या वर्गात बसून. त्यामुळे माझं सरळ म्हणणं असं की अ‍ॅप, व्हिडिओ, गेम हे सगळं शेवटी निवडायचं, आधी हे बघायचं की आजच्या पाठात माझ्या वर्गातलं कोण नक्की कुठे अडकणारे.

आपल्याकडचा वर्ग डोळ्यासमोर आणा, घणसोली, तुर्भे, दिघा, नाहीतर ठाण्यात कळवा, वागळे इस्टेट, कुठलाही घ्या. पुस्तक मराठी, पण घरी कोणी तेलुगू बोलतं, कोणी कन्नड, कोणी भोजपुरी. एखाद्याला फळ्यावरचं दिसतच नाही कारण डोळे कधी तपासलेलेच नाहीत, एखादीच्या कानाला मशीन आहे, एखादा तोंडी सगळं सांगतो पण वाचायला दिलं की गडबडतो, आणि एकदोघं अशी की उत्तर येत असून तोंड उघडत नाहीत. यातल्या किती जणांकडे दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असतं? फार थोड्यांकडे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरलेत, १९९५ च्या कायद्यात ७ होते, वाचन-लेखनाची अडचण म्हणजे अध्ययन अक्षमता सुद्धा नव्या कायद्यातच आली. कागद व्हायला हवाच, सवलती त्यावरच मिळतात, पण तास आखायला तो हातात येईपर्यंत थांबायची काही गरज नाही.

आखणी म्हणजे काय, तर एक पाठकोरा कागद घ्या आणि तीन प्रश्न लिहा. बघताना किंवा ऐकताना कोण अडकेल, समजताना कोण अडकेल, उत्तर देताना कोण अडकेल. पोरांची नावं लिहा, प्रकार नको, कारण "अल्पदृष्टी" असं लिहिलं की आपण पुस्तकी उपाय शोधत बसतो आणि नाव लिहिलं की ते पोरगं कुठल्या बाकावर बसतं ते आठवतं. (हा कागद टेबलावर ठेवून जाऊ नका आणि स्टाफच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.) अमेरिकेतल्या कास्ट नावाच्या संस्थेने मांडलेल्या युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंगचा गाभा पण हाच आहे, माहिती एकापेक्षा जास्त रूपांत द्या, उत्तर एकापेक्षा जास्त पद्धतींनी घ्या, गोडी लागायलाही एकच वाट ठेवू नका. ट्रेनिंगमध्ये याच्या भरपूर स्लाइड दाखवतात, वर्गात तीन प्रश्न पुरतात.

आता एक तास सबंध बघू, सममूल्य अपूर्णांक. फेट नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर स्वतः बदल करून बघायचे प्रयोग, आहेत, कोलोरॅडो विद्यापीठाची, नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली, फुकट आहेत आणि बरीच मराठीतही आहेत. त्यात अपूर्णांकाच्या ओळखीचं जे आहे त्यात अंश-छेद कमीजास्त केला की गोल, पट्टी, चंचुपात्र, संख्यारेषा असं हवं त्या रूपात तेच दिसतं. फाइल घरी लॅपटॉपवर डाउनलोड करून ठेवली की शाळेत नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडते, आणि शाळेतलं नेट नेमकं आपल्याच तासाला जातं हे तुम्हाला सांगायला नको. पण हे पॅनलवर दाखवायच्या आधी प्रत्येकाच्या हातात कागदाची पट्टी द्या, बारा चौकोन आखलेली, बारा डब्यांची लोकल म्हणायचं. एका टोकाचे तीन डबे रंगवा, मग तीच पट्टी घडी घालून चार सारखे भाग करा, रंगवलेला भाग बरोब्बर एका घडीएवढा येतो. तीन बारांश म्हणजे एक चतुर्थांश हे बोटांना आधी कळतं, मग पॅनलवर तेच बघितलं की पोरं स्वतःच ओरडतात. ज्याला कमी दिसतं त्याच्या पट्टीवर आदल्या दिवशी फेविकॉलने रेघा ओढून वाळवून ठेवायच्या, रेघ उंच होते आणि हाताला लागते. खरं तर अशा पट्ट्या चारपाच जास्तच करा आणि वाटून टाका, म्हणजे त्या एकट्याकडेच वेगळी वस्तू आली असं होत नाही, आणि बाकीची पोरं पण डोळे मिटून मोजायला लागतात.

पॅनलवर बोलताना नुसतं "हे बघा इथे" म्हणू नका. "डावीकडच्या गोलाचे चार भाग आहेत, एक रंगवलाय" असं पूर्ण बोला. ज्याला दिसत नाही त्याला लागतंच, पण ज्याचं लक्ष खिडकीबाहेर होतं तोही परत येतो. लाल-हिरवा रंग एवढ्याच फरकावर प्रश्न ठेवू नका, रंगांधळेपण मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त असतं आणि बहुतेकांना ते माहीतही नसतं, एका भागावर रेघा मारा नाहीतर अक्षर टाका.

आवाजाचं वेगळं सांगतो. व्हिडिओ चालू आहे आणि आपण त्याच्यावरूनच समजावून सांगतोय, ही सवय आपल्या सगळ्यांची. कानाच्या मशीनला दोन्ही आवाज सारखेच, वर पंखा, वर बाहेरचा रोड, त्या पोरीला नुसता कालवा ऐकू येतो. व्हिडिओ थांबवा, वळा, तोंड दिसेल असं उभं राहून बोला, मग परत चालू करा. फळ्याकडे तोंड करून बोललेलं तर तिच्यासाठी गेलंच. यूट्यूबवर वेग ०.७५ करता येतो, मराठी नवीन असलेल्या पोरांना त्याने बराच फरक पडतो. गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी बोलणं स्क्रीनवर उमटवतं, पण पन्नास पोरांच्या गोंगाटात फोन लांब ठेवून काही उपयोग नाही, तोंडाजवळ हवा, आणि मधूनमधून भलतंच लिहितं, तेव्हा मुख्य शब्द फळ्यावर लिहायचेच. खुणांची भाषा लागणारं पोरगं असेल तर इंडियन साइन लँग्वेजची सरकारी डिक्शनरी ऑनलाइन आहे, २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्दांचे व्हिडिओ आहेत, पाठातले चारपाच शब्द सगळ्या वर्गालाच शिकवा, पोरांना ते जाम आवडतं.

आता वर्कशीट, ज्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. आपल्या शाळांमधल्या निम्म्या फाइली श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. दिसायला मराठी, पण आत इंग्रजी कीबोर्डची अक्षरं, त्यामुळे फोनमधला टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, ती वाचायला गेला की अगम्य काहीतरी बडबडतो. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच, तो नुसता फोटो असतो. तपासायचं सोपं आहे, फाइलमधलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा, मराठी दिसलं तर ठीक, भलतीच अक्षरं आली किंवा कॉपीच झालं नाही तर ती फाइल ऐकून शिकणाऱ्या पोराच्या कामाची नाही. नवीन फाइल युनिकोडमध्येच करा, म्हणजे आत खरी मराठी अक्षरंच राहतात, टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनमधल्या जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर माइक दाबून बोला. जुना कागद असेल तर फोटो काढून गूगल ड्राइव्हवर टाका आणि गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर सुटा होऊन येतो, फक्त एकदा नीट वाचा कारण र्‍हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. अक्षराचा आकार १८ च्या आसपास, ओळींमध्ये जागा, साधा फाँट, मागे फुलापानांची चित्रं नकोत. एका पानावर चारच प्रश्न राहतात मग, राहू देत.

उत्तर घेताना तर डिजिटलची खरी मजा आहे. प्लिकर्स म्हणून एक प्रकार आहे, पोरांकडे फोन लागत नाही, प्रत्येकाकडे छापलेलं एक कार्ड, ते ज्या बाजूने धरलं त्यावर ए, बी, सी की डी ते ठरतं, आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते फोनमध्ये येतं. शेजारच्याला कळत नाही, त्यामुळे न बोलणारी पोरं पण उत्तर देतात. निकाल मात्र पॅनलवर नावासकट लावू नका. लिहायला अडणाऱ्याचं उत्तर रेकॉर्ड करून घ्या, कोणाचं पट्टीला घडी घालून दाखवलेलं बघा. प्रश्न तोच, अवघडपणा तोच, फक्त उत्तराची वाट वेगळी. सोपा प्रश्न देऊन "यालाही जमतं हं" म्हणणं पोरांना बरोब्बर कळतं आणि लागतं.

घरी द्यायचं काम जरा जपून. बऱ्याच घरी फोन एकच, तो बाबांबरोबर कामावर, रात्री येतो तेव्हा डेटा संपलेला. लिंक पाठवण्यापेक्षा मिनिटभराची ऑडिओ पाठवा, आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांना दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातच ऐकवा.

साहित्य शोधण्यात फार वेळ घालवू नका. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अ‍ॅपने स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य येतं, डाउनलोडही होतं, पण वर्गात लावायच्या आधी स्वतः एकदा बघाच आणि त्यातली कामाची तीन मिनिटंच घ्या. भाषेसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर मला सगळ्यात उपयोगी वाटतं, पायऱ्या पाडलेल्या गोष्टी, फुकट, छापता येतात, आणि कितीतरी गोष्टी मराठीत आहेत तशाच तेलुगूत, कन्नडमध्ये, हिंदीतही सापडतात, म्हणजे पोरगं आधी घरच्या भाषेत गोष्ट ऐकून येतं आणि वर्गात मराठीत वाचतं. विज्ञानाला अरविंद गुप्तांची खेळणी, टाकाऊतून करायची, व्हिडिओ मराठीतही आहेत.

आणि जिथे आपलं चालत नाही तिथे विचारा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात, ते आले की सही घेऊन सोडू नका, तो तीन प्रश्नांचा कागद पुढे करा आणि एका पाठाबद्दलच विचारा, नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. नवी मुंबईत असाल तर वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांसाठीचं, पालकांना तिथे पाठवताना सोबत वर्गात काय दिसतं ते चार ओळींत लिहून द्या, कोणता शब्द वाचताना थांबतो, कुठल्या बाजूने हाक मारली की वळत नाही, असं.