जुनी हाय-डेफिनिशन डिस्क घेताना आधी डबी बघा

नाशिकला गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बुधवार बाजारात किंवा एम. जी. रोडला जुनी डिस्क स्वस्तात दिसली की हात शिवशिवतात, आणि घरी आणल्यावर प्लेअर ती घेतच नाही. म्हणून पैसे काढण्याआधी:

१. डबीचा रंग. निळी म्हणजे ब्लू-रे. तांबडी बहुधा एचडी डीव्हीडी, म्हणजे ब्लू-रेची तेव्हाची स्पर्धक. तोशिबाने २००८ मध्येच तिचा नाद सोडला. साध्या ब्लू-रे प्लेअरवर ती चालत नाही, फुकट दिली तरी नको.

२. मागचं बारीक अक्षर: ए, बी की सी. डिस्क जगाच्या कोणत्या विभागातल्या प्लेअरवर चालेल, त्याची ही खूण. भारत सीमध्ये येतो. तिन्ही असतील तर बिनधास्त घ्या.

ओरखडे पडलेली ब्लू-रे टूथपेस्टने घासू मात्र नका. माहितीचा थर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिमीवर असतो.