मक्काबी फौज १५ मिमीमध्ये: साल ठरवण्यापासून बेसपर्यंत

टेबलावरच्या युद्धखेळासाठी साधारण १५ मिमी उंचीचे धातूचे शिपाई (फिगर) मिळतात. ‘प्राचीन ज्यू सैन्य’ या एका नावाखाली विक्रेते हजार वर्षांचा माल एकत्र विकतात. दावीद राजाच्या काळचे, पट्ट्यापट्ट्यांचे झगे घातलेले भालाईत इ.स.पू. १६५च्या फौजेत मिसळले की मेहनत वाया. म्हणून फिगर मागवण्याआधी साल पक्कं करा. इथे ज्यू बंडखोरांचा सेनापती यहूदा मक्काबी याची इ.स.पू. १६५ ते १६० ही वर्षं धरली आहेत, म्हणजे सेल्युकिड (ग्रीक) राजा अंतियोख चौथ्याने पेटवलेलं आणि त्याच्या मृत्यूनंतरही चाललेलं बंड. (नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं आपल्या पूर्वजांचं जहाज याच अंतियोखाच्या जाचातून निघालं होतं, असं कोकणातल्या बेने इस्राएल समाजात सांगतात.)

वाचायचं काय? मक्काबींची पहिली दोन पुस्तकं (या बंडाचे प्राचीन वृत्तांत), मग ज्यू इतिहासकार जोसेफस. आकडे दोन रकान्यांत लिहून काढा. शत्रूचे आकडे फुगवलेले दिसतात: बेथ जखऱ्याच्या लढाईत १ लाख पायदळ, २० हजार घोडदळ, ३२ हत्ती. स्वतःच्या फौजेचे आकडे मात्र आटोपशीर आहेत. अम्माऊसच्या लढाईत ३०००, तेही हवं तसं चिलखत आणि तलवारी नसलेले. एलासा या यहूदाच्या शेवटच्या लढाईतही ३०००, त्यातले ८०० सोडून बाकीचे लढाईआधीच पांगले. मधल्या वर्षांत लुटीच्या हत्यारांनी हे लोक बळकट झाले, असंही तोच मजकूर सांगतो. तेव्हा फौज सरमिसळ दिसली पाहिजे. शेवटी ती किती जड (चिलखतवाली) झाली यावर अभ्यासकांत वाद आहे. खेळासाठी मधला रस्ता बरा. लंबगोल ढाल (थुरिऑस) आणि फेकभाले घेतलेलं पायदळ हा कणा, शिरस्त्राण चौघांत एकाला. लांब सरिसा भाल्यांची फलांग (दाट रांगांची तुकडी) मी तरी लावणार नाही. घोडेस्वार नगण्य. दुसऱ्या पुस्तकात दोसिथेउस नावाचा स्वार शत्रूच्या गोर्गियास सरदाराला झग्याला धरून ओढत नेतो, तेवढ्या आधारावर एक बेस (फिगर चिकटवायची पट्टी) पुरे.

१२ बेसची फौज अशी: सेनापतीचा १ बेस (४ फिगर), थुरिऑसवाले ५ (प्रत्येकी ४), डोंगरी फेकभालेवाले २ (प्रत्येकी ३), गोफणवाले २ आणि तिरंदाज १ (प्रत्येकी २), हलके स्वार १ (२ फिगर). एकूण ३८. भाले तुटतात, म्हणून चारेक जास्तीच्या घ्या. ‘मक्काबी’ असं लेबल असलेलं पाकीट मिळालं नाही तरी अडत नाही. हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राज्यांच्या) भाडोत्री पायदळाच्या फिगर चालतात, फक्त दाढीवाली डोकी निवडा. सेनापतीच्या बेसवर लांब सरळ कर्णा वाजवणारा एक हवाच, अम्माऊसच्या वर्णनात कर्णे आहेत. यहूदाच्या हाती इतरांपेक्षा उंची तलवार द्या: शत्रूचा सेनापती अपोलोनियस याला मारून घेतलेली तलवार तो शेवटपर्यंत वापरत होता.

धातूच्या फिगर कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा. साच्याला लावलेला तेलकट थर राहिला तर प्रायमर सोलून निघतो. साच्याची शिवण बारीक कानशीने काढा, नाहीतर वॉश (खळग्यांत साचणारा पातळ गडद रंग) नेमका त्याच रेषेवर साचतो. ओतीव भाले कापून ०.६ मिमी पोलादी तार लावा. १५ मिमी फिगरचं प्रमाण साधारण १:११०, म्हणजे २.४ मीटरच्या भाल्याला २२ मिमी तार. टोक हातोडीने चपटं करा. जोडाला फेविक्विकचा एक थेंब. जास्त झालं तर भोवती पांढरा धूर बसतो.

पावसाळ्यात स्प्रे प्रायमर टाळा, ब्रशने लावा. इतर वेळी २०–२५ सेंमी अंतरावरून दोन पातळ हात. जाड हात दिला की चेहऱ्यांचे बारकावे बुजतात.

कपडे बहुतेक न रंगवलेल्या लोकरीचे किंवा तागाचे: साईचा, राखाडी, उदी. चार-पाच जणांना मंजिष्ठाचा लाल किंवा निळा. रोमविरुद्धच्या बार कोखबा बंडाच्या काळातल्या गुहांत (इ.स. १३२–१३५) सापडलेल्या अंगरख्यांवर दोन उभे पट्टे आहेत, पण तो पुरावा तीनशे वर्षं पुढचा, म्हणून पट्टे मोजक्याच जणांना द्या. झग्याच्या चारही कोपऱ्यांना गोंडे, त्यात निळा धागा: या मापात निळ्याचा एकेक ठिपका पुरतो. तेवढ्याने फौज ओळखू येते.

ढालींवर दावीदचा तारा काढू नका. समाजाची खूण म्हणून तो कितीतरी शतकांनी रूढ झाला. सात फांद्यांचा मेनोरा (दीपवृक्ष) हस्मोनी (मक्काबी घराण्याच्या) नाण्यांवर येतो तो मत्तथ्या अंतिगोनसच्या, म्हणजे इ.स.पू. ४०–३७च्या. मूर्तीला बंदी, म्हणून लुटीच्या ढालीवरचा चेहरा खरवडलेला किंवा वरून एकाच रंगाने झाकलेला दाखवा. अर्थात सगळेच तितके काटेकोर नव्हते: एका लढाईनंतर मेलेल्या शिपायांच्या अंगरख्याखाली यामनिया गावच्या मूर्ती सापडल्याची नोंद आहे. ढाली वेगळ्या, दुहेरी टेपवर चिकटवून रंगवा.

शेवटी तपकिरी वॉश. खळग्यात साचलेला थेंब ओला असतानाच कोरड्या ब्रशने उचला. मग ग्लॉस वार्निश, त्यावर मॅट. दमट हवेत मॅट पांढरट पडतं. तसं झालं तर परत ग्लॉसचा हात द्या, बहुतेकदा धुकं उतरतं.

बेस २ मिमी एमडीएफचे: पायदळ ४०×२० मिमी, स्वार ४०×३०. कापण्याआधी तुमच्या नियमपुस्तकातली खोली बघून घ्या. पाणी घातलेलं फेविकॉल फक्त वरून लावलं की बेस धनुकलीसारखा वाकतो. खालच्या बाजूलाही हात मारा आणि वजनाखाली सुकवा. वर बारीक वाळू. वाळवंटी पिवळा इथे चुकीचा. यहूदियाच्या डोंगराची माती लालसर तपकिरी आणि दगड फिकट चुनखडीचा: लाल-तपकिरी थर, मग साईच्या रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात), बेसमागे दोन-तीन पांढरट खडे आणि वाळक्या गवताचा एक झुपका.

पहिला खेळ एलासाचा नको. ३००० माणसं १२ बेसमध्ये वाटली की एक बेस २५०चा, म्हणजे ८०० शिपाई जेमतेम तीन बेस. बेथ होरोनची चढण घ्या: अरुंद वाट, दोन्हीकडे उतार, शत्रू रांगेत. गोफणवाले तिथे पैसे वसूल करतात, मोकळ्या मैदानात नाही.

पुढे हस्मोनी राजा अलेक्झांडर यन्नईपर्यंत (इ.स.पू. १०३–७६) जायचं असेल तर डोंगरी २ आणि गोफणवाले २ बेस काढा. जागी पिसिदिया आणि किलिकियाच्या भाडोत्री पायदळाचे ३ आणि घोडदळाचा १. भाडोत्री शिपायांच्या झग्यांना गोंडे नकोत.